गुळगुळीत नळी

“आतून आरसा आहे शेठ, आरसा! एक ओरखडा सापडला तर मिशा उतरवीन,” निंबा हवालदार म्हणाला आणि त्याने बंदूक गिरधरशेठच्या गादीवर आडवी ठेवली. शेजारी तिची संगीन ठेवली.

गिरधरशेठ बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात जुनी हत्यारं पारखून विकत असे. शौकीन साहेब लोक त्याच्याकडे मुद्दाम येत. निंबाची बंदूक पलटणीतली होती. नव्या बंदुका आल्या तेव्हा जुन्या मोडीत निघाल्या, आणि पेन्शनीत जाताना कप्तानाने त्याची त्याला लायसन्ससकट देऊन टाकली. आज तो ती विकायला आला होता. खरं सांगायचं तर त्याला आणलं होतं. आणणारी बायको, मथुराबाई, दुकानाच्या पायरीवर पाठ फिरवून बसली होती.

“शेठ, त्यांना म्हणा, मिशा राहू द्या. ते लाकूड तेवढं घरातून जाऊ द्या,” ती म्हणाली.

नवऱ्याशी ती थेट बोलत नसे. तरुणपणापासून नाही. सुनेला सांगायची, गायीला सांगायची, कुणीच नसलं तर भिंतीला सांगायची. निंबा ऐकायचा आणि मुकाट्याने करायचा. बाकी संसार रीतसर झाला. पोरं झाली, नातवंडं झाली. माणसं काय काय निभावून नेतात!

कारण होतं तिचा धाकटा भाऊ सुपडू. तोही त्याच पलटणीत होता. सरहद्दीच्या डोंगरात तो जखमी माणसाला आणायला नाल्यात उतरला. समोरच्या कड्यावर एक पठाण दबा धरून होता. त्याला वर डोकं काढू द्यायचं नाही, हे काम निंबाचं. निंबा बार काढत राहिला. एक गोळी अलीकडे पडली, एक डावीकडे गेली, एक कुठे गेली ते देवाला ठाऊक. सुपडू नाल्यातच पडला. मग मागून एक गोरा शिपाई आला, निंबाच्याच दगडाआड टेकला आणि पहिल्याच बाराला त्याने पठाण पाडला. त्याची बंदूकही तशीच. घडण तीच, चापाजवळ राणीच्या मुकुटाचा छाप तोच. पलटणीतल्या शाहपूरच्या पोरांनी हे डोळ्यांनी पाहिलं.

शाहपूर मथुराबाईचं माहेर. बातमी तिथे निंबाच्या आधी पोचली. “भेदरला असणार. हात कापले भित्र्याचे,” असं तिनेच भर अंगणात, भावकीसमोर म्हटलं. त्यानंतर निंबाने सासुरवाडीला पाऊल टाकलं नाही. हात कापल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण सगळेच म्हणतात तर कापले असतील, असं त्यानेही धरून टाकलं होतं.

गिरधरशेठने संगीन फिरवून पाहिली. तीन धारांची, सरळ, बिलकुल गंज नाही. बंदुकीवरचा मुकुट पाहिला, त्याखाली कोरलेलं साल पाहिलं. “माल असली आहे, हवालदार,” तो खुशीत म्हणाला. मग त्याने नळीच्या तोंडात करंगळी घातली आणि फिरवली. पुन्हा फिरवली. त्याची खुशी उतरली.

“बोललो नव्हतो? आरसा!” निंबा म्हणाला.

शेठ उठला. भिंतीवरची तशीच दुसरी बंदूक काढून त्याने निंबापुढे धरली. “ही गोऱ्यांच्या पलटणीतली. जरा हिच्यात बोट घाला.”

निंबाने घातलं आणि तोंड वाकडं केलं. “अरे राम राम! आत सगळे चरे पडून राहिले. काही निगा नाही राखली कुणी.”

“चरे पडले नाहीत, पाडलेत. मुद्दाम. पेचासारखे, गोल फिरत जाणारे. त्यातून गोळी गिरक्या घेत निघते, म्हणून लांब जाते, सरळ जाते. साहेब लोक त्याचंच मोल देतात.” शेठने निंबाच्या बंदुकीकडे बोट केलं. “तुमच्या नळीत ते नाहीत.”

“घासून गेले माझ्या हातून?”

“नाही हो. बनवलीच तशी. सत्तावनच्या बंडानंतर सरकारचा आपल्या लोकांवर भरोसा उरला नव्हता. देशी पलटणी उलटल्या तर? म्हणून वरून हुबेहूब तीच बंदूक दिली आणि नळी आतून सपाट ठेवली. जवळच्याला लागते. लांबच्याला लागली तर नशीब.”

 निंबा दोन्ही नळ्यांत आळीपाळीने बोट घालत राहिला.

मथुराबाई पायरीवरून वळली. “शेठ, नाल्यापलीकडचा कडा… तिथवर?”

“त्या नळीतून? बाई, अर्जुन असता तरी चुकला असता.”

मथुराबाईला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबूनही आवरेना. भावासाठी ती रडली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेसाठी. निंबा ओशाळून रस्त्याकडे बघत राहिला. रडणाऱ्या बायकोला काय म्हणायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

गिरधरशेठ हळूच म्हणाला, “मग हवालदार, ठेवून जाताय ना? थोडं कमी देईन, पण—”

“नाही,” मथुराबाई म्हणाली. तिने नाक पुसलं, दुकानात चढली आणि जन्मात कधी न शिवलेली ती बंदूक दोन्ही हातांनी उचलली. मग नवऱ्याकडे बघून, सरळ त्यालाच म्हणाली, “चला, शाहपूरला जायचंय. तिथे सगळ्यांशी मी बोलेन. तुम्ही फक्त जावयासारखे पाटावर बसा.”