दोन पावलं मागे

ठोकळेवाल्याचा हात कसलेला. खिडकीपाशी उभं राहून आपल्याकडे बघणाऱ्या बाईचं ते जुनं, गाजलेलं चित्र त्याने खेळण्यातल्या ठोकळ्यांनी हुबेहूब उभं केलं होतं.

"जवळून नुसते चौकोन दिसतात गं," तो बायकोला ऐटीत म्हणाला. "दोन पावलं मागे सरकायचं, डोळे बारीक करायचे, की माणूस दिसतो."

तो मागे सरकला. खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकलेलं बाईचं डोकं आता खिडकीच्या निम्म्या उंचीवर आलं होतं.

"अहो, ती मागे गेली का?"

"छे! मी बसवलेला ठोकळा जागचा हलत नाही."

त्याने डोळे बारीक केले. बाईनेही केले, त्याला नीट न्याहाळलं, आणि काम मनासारखं जमल्यासारखी मान डोलावली.