दुसरा गोंडा

सोनी अबोल पोर. आपल्याच घरात पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसून राहायची. "घरात एखादं मुकं जनावर आणा, पोर बोलती होईल," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणून शिवणकाम करणाऱ्या तिच्या आईने ससा आणला. सोनीने त्याचं नाव ठेवलं गोंडा. गुण आला. ती स्वतः पिंजरा झाडू लागली, गाजर भरवता भरवता त्याच्याशी गप्पा मारू लागली, आणि पाहता पाहता शाळेतही तिला तोंड फुटलं.

एकदा सोनी शाळेत असताना गोंडा पिंजऱ्यात थंडगार पडलेला दिसला. आईच्या मनात आलं, पोर पुन्हा मिटली तर? मशीनवरचं शिवण तसंच टाकून ती बाजारात धावली आणि हुबेहूब तसाच ससा घेऊन आली.

सोनीने दप्तर ठेवलं, पिंजऱ्याशी बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"आई, हा आपला गोंडा नाही."

"तोच आहे गं. आज जरा सुस्तावलाय, इतकंच."

सोनी रडली नाही. तिने सशाला मांडीवर घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाली,



"याला दुसरं नाव देऊ या, आई. आधीची सोनी गेल्यावर तुम्ही मला आणलंत आणि तिचंच नाव दिलंत ना, म्हणून तू हाक मारलीस की मला कळतच नाही, ती मला असते की तिला."