येते हं

फक्त वर्गणीदारांसाठी निघालेल्या टीव्हीवरच्या एका गेममध्ये एक मावशी होती. शिंपीकाका रोज दुपारी तिला तिचं घर आवरायला मदत करायचे.

“आपल्या घरात मात्र इकडची काडी तिकडे करत नाही तुम्ही!” एक दिवस काकू करवादल्या. काकांनी मुकाट्यानं वर्गणी बंद केली.

पडद्यावरच्या मावशीनं विणकाम गुंडाळलं, अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेल्या चपला पायांत सरकवल्या आणि म्हणाली, “येते हं.”

“‘जाते’ नाही म्हणाली. वळण आहे हो बाईला!” स्वयंपाकघरातून काकू हसल्या आणि गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेल्या.

टीव्ही बंद करून काका शिलाई मशीनवर बसले.

पाच मिनिटांनी काकू परतल्या. कपड्यांचा ढीग सांभाळत उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी विचारलं, “अहो, दारात पिन लावलेल्या चपला कुणाच्या? आत कोण आलंय?”