मनगटावरचा ठिपका

"पंधरा दिवस हात भिजवायचा नाही म्हणे. चैन आहे," भांडी घासताना सासूबाई पुटपुटल्या.

रेवतीच्या मनगटावर दवाखान्यात निळा ठिपका गोंदला होता. अंगात कुठंही दुखलं की तो लाल होणार. हल्ली त्याशिवाय डॉक्टर दुखणं मानतच नसत. हेमंत बायकोच्या खपलीला रोज हलक्या हातानं मलम लावायचा. बारा वर्षांत त्यानं तिला गरम पाण्याची पिशवी कधी भरून दिली नव्हती.

सोळाव्या दिवशी खपली गळाली. ठिपका लालभडक.

"शाई खराब असेल," सासूबाई म्हणाल्या.

"सुजलंय थोडं," म्हणत हेमंतनं मलम उचललं.

रेवतीनं हात मागे घेतला. "हात बरा झालाय. पोट दुखतंय. बारा वर्षं सांगत होते, तेव्हा तुम्ही दोघांनी मला खोटारडी ठरवलंत."