दोन दिवसांचं कलकत्ता

विट्याचे जोतीराम आण्णा दोन दिवस कलकत्त्याला राहून आले आणि आठवडाभर त्या शहराला शिव्या घालत बसले. त्यांचा धाकटा भाऊ हणमंत तिथल्या एका बोळात बावीस वर्षं सोनं गाळायचं दुकान चालवतोय. खाली भट्टी, झोपायला वर माळा.

"माणसं न्हाईत रं ती, मुंग्या हायती," आण्णा बंगल्याच्या झोपाळ्यावर बसून आम्हाला सांगत होते. "श्वास घ्यायला जागा न्हाई. जनावर बांधू नये असल्या जागी, माणूस तर लांबच."

बंगला हणमंतानं पाठवलेल्या पैशातला. त्यात तो अजून सलग चार रात्रीसुद्धा झोपलेला नाही.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. आण्णांनी स्पीकर लावला.

"आण्णा, ॲसिडच्या वाफेनं लय धाप लागतीया. डाक्टर म्हणतोय, हे काम बंद करा. बायकापोरं घिऊन गावाकडंच ऱ्हायला यावं म्हणतोय मी."

आण्णांनी पायानं झोपाळा थांबवला. मागं वळून एकदा बंगल्याकडं बघितलं.

 

"खुळा का काय तू? आरं, कलकत्त्यासारखं शहर सोडून गावात कोण येतं व्हय?"