हलकं पाणी

सुगंधाच्या सासऱ्याने, धाकलूने, होडीपुढे नारळ फेकला. तो तरंगला, तेव्हा कुठे होडी पुढे सरकली. समुद्रतळातून वायू सुटू लागल्यापासून किनाऱ्यालगतचं पाणी मध्येच सोड्यासारखं फसफसून हलकं व्हायचं आणि त्यात होड्या दगडासारख्या बुडायच्या.

सुगंधाच्या कुशीत बाळ तापाने फणफणलं होतं. दवाखान्याचा धक्का समोर दिसत होता, पण टोपलीत आता एकही नारळ उरला नव्हता.

"मामंजी, तो बघा, अजून तरंगतोय. उचलते."

"खुळी का काय! दर्याला दिलेलं परत घेतात?"

"मग नातूही त्यालाच द्यायचा का?"

बाळाला छातीशी आवळून सुगंधा होडीच्या काठावरून वाकली. धाकलूने तोंड फिरवलं, पण होडी हळूच नारळाकडे वळवली.