नऊ सतराची निळी गाडी

"फाटकापाशी उभे राहा, अख्खी गाडी येईल फोटोत," सकाळी कामावर निघताना मी ह्यांना सांगितलं.

जुन्या लाल रंगातली लोकल आज शेवटची धावणार होती. घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. ह्यांच्याकडे गाड्यांचे हजारो फोटो आहेत. बायकोचा एकही नाही.

मी लोकल चालवते. शेजारच्या रेल्वे कंपनीची निळी गाडी आमच्या कंपनीच्या मार्गावर आली की पुढे टोकियोपर्यंत मीच नेते. दोन्ही गाड्यांचं वेळापत्रक मला पाठ आहे. नऊ सतराला माझी गाडी लाल गाडीला झाकत ह्यांच्या समोरून गेली. पांढऱ्या हातमोज्यातलं बोट मी नियमाप्रमाणे सिग्नलकडे दाखवलं. हसले मात्र नियमाबाहेर.

संध्याकाळी ह्यांनी फोटो समोर धरला. "लाल गाडी कुठे आहे यात?"

"माझ्या मागे," मी म्हणाले. "फ्रेम करून आणा."